माहुलच्या यंत्रघरातले चाक

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबईकराला एक गोष्ट फार अभिमानाने सांगायची सवय आहे. आमच्याकडे वीज जात नाही. पुण्याचा, नाशिकचा, विदर्भातला पाहुणा भारनियमनाच्या कहाण्या सांगू लागला, की मुंबईकर सहानुभूतीने मान हलवतो आणि पंखा एक घर वाढवतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनरेटरवर भिस्त ठेवावी लागली, आणि त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला की आपली वीज येते तरी कुठून?

त्या प्रश्नाचे एक मोठे उत्तर चेंबूरच्या पलीकडे, माहुलच्या खाडीकाठी आहे. टाटांचे तुर्भे औष्णिक वीजकेंद्र तिथे आहे. नाव तुर्भे असले तरी रस्ता माहुलचा, शेजार माहुलचा. त्याची धुराडी पूर्व मुक्त मार्गावरून जाताना सहज दिसतात. धुराडी सगळ्यांना दिसतात, पण वीज तिथे तयार होत नाही. ती तयार होते शेजारच्या यंत्रघरात फिरणाऱ्या एका चाकावर. त्या चाकाला टर्बाइन म्हणतात. हे चाक कोणी घडवले आणि ते कुठे बसवले, या दोन प्रश्नांत मुंबईच्या विजेचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास सामावला आहे.

टर्बाइन समजायला इंजिनीअर असण्याची गरज नाही. पाणचक्की आठवा. पाणी पात्यांवर पडते, चाक फिरते. त्या चाकाच्या आसाला जनित्र जोडले, की वीज. पाण्याऐवजी वाफ वापरली, की वाफेचे टर्बाइन. तत्त्व एवढेच. अवघड आहे ते घडवणे. आपल्या देशात विजेची कंपनसंख्या सेकंदाला ५० आहे, म्हणून वाफेवरचा मोठा संच मिनिटाला ३,००० फेरे घेतो. त्यात शिरणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसची असते. शेवटच्या रांगेतली पाती एवढी लांब असतात, की त्यांची टोके हवेतल्या ध्वनीच्या वेगापेक्षाही जास्त वेगाने पळतात. पोलादाचा तो लांबलचक दांडा, ज्याला रोटर म्हणतात, एखाद्या केसाच्या जाडीइतका जरी वाकला तरी यंत्रघर थरथरू लागते. म्हणून संच बंद केल्यावरही तो लगेच थांबवत नाहीत. तापलेला रोटर एकाच जागी पडून राहिला तर स्वतःच्या वजनाने आणि असमान थंड होण्याने वाकतो. तो थंड होईपर्यंत एक लहानशी मोटर लावून त्याला तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवतात.

असे चाक घडवणारे कारखाने जगात मोजकेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही विद्या इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका अशा मोजक्या देशांपुरतीच होती. चार्ल्स पार्सन्सने इंग्लंडमध्ये १८८४ मध्ये वाफेचे पहिले उपयुक्त टर्बाइन चालवले, ते अवघे साडेसात किलोवॅटचे होते. आजच्या चार-पाच घरांच्या एसीला ते पुरेल. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लेस्टर पेल्टनने दोन वाट्या जोडल्यासारखे पेले परिघावर बसवलेले एक पाणचाक काढले. खूप उंचीवरून येणारे थोडे पाणी वापरायचे असेल, तर पेल्टनच्या चाकाला तोड नाही. सह्याद्रीला नेमके हेच हवे होते.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा बंगालमधून किंवा थेट विलायतेतून यायचा, तो महाग पडायचा आणि गिरणगावावर काजळी धरायची ती वेगळीच. शहरात वीज नव्हती असे नाही. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने १९०५ मध्ये वाडी बंदरला लहानसे वीजघर काढले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. पण गिरण्या चालवायला तेवढी वीज पुरणार नव्हती. लोणावळ्याच्या पठारावर पावसाळ्यात कोसळणारे पाणी अडवावे आणि घाटाखाली सोडून वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गोस्लिंग नावाच्या वास्तुविशारदाने जमशेटजी टाटांच्या डोक्यात भरवली. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्या हातून. ८ फेब्रुवारी १९११ रोजी वळवणच्या धरणाची कोनशिला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी बसवली, आणि ११ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबून खोपोलीची वीज मुंबईला दिली. ती पहिल्यांदा गेली सिम्प्लेक्स मिलमध्ये.

खोपोलीच्या यंत्रघरात पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून नळांतून खाली येते. त्या झोतापुढे उभी राहणारी पेल्टन चाके आली स्वित्झर्लंडहून, झुरिचच्या एशर वीस कंपनीकडून. या कंपनीबद्दल थोडे सांगायला हवे. हान्स कास्पार एशरने ती १८०५ मध्ये काढली ती सूतगिरणी म्हणून. गिरणीची यंत्रे दुरुस्त करायला एक कार्यशाळा लागली, कार्यशाळेत मग यंत्रे घडू लागली, पुढे सरोवरातल्या आगबोटी, मग पाण्याची टर्बाइन. म्हणजे सूत कातण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या चाकांनी शंभर वर्षांनी मुंबईच्या सूतगिरण्या फिरवल्या. इतिहासाला असले योगायोग फार आवडतात. झुरिचमधला तो कारखाना आता नाही. कंपनी १९६९ मध्ये सुल्झरकडे गेली, पुढे तिचा पाण्याच्या टर्बाइनचा धंदा ऑस्ट्रियाकडे. जिथे जहाजे बांधली जात त्या दालनात २००० पासून नाटके होतात. चौकाला मात्र अजून एशर वीसचेच नाव आहे.

खोपोलीपाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी आता घाटावरून पश्चिमेला उतरून पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेत पडू लागले. त्याची किंमत मुळशीच्या मावळ्यांनी मोजली. धरणासाठी वडिलोपार्जित भातखाचरे बुडणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना त्या लढ्याने सेनापती केले. लढा हरला, गावे बुडाली. मुंबईत दिवे लागले तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी घरात अंधार झाला होता, ही गोष्ट पहिल्याच पिढीत घडली आणि माहुलकडे येताना ती विसरून चालणार नाही.

पाण्याच्या विजेची एक मर्यादा होती. पाऊस कमी झाला की तलाव रिकामे, तलाव रिकामे की गिरण्यांना कपात. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई फुगत चालली. उपनगरे वाढली, कारखाने वाढले. घाटात आणखी धरणे बांधायला फारशी जागा उरली नव्हती. मग वाफ हाच मार्ग, पण वाफेच्या केंद्राला तीन गोष्टी लागतात: इंधन, भरपूर थंड पाणी आणि ग्राहकाजवळची जागा. तिन्ही एकत्र कुठे मिळणार?

माहुलला. तेव्हाचे माहुल हे मुंबईच्या कडेचे कोळी-आगऱ्यांचे गाव. समोर खाडी, आजूबाजूला खाजण आणि मिठागरे, मागे तुर्भ्याचा डोंगर. याच पट्ट्यात १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. म्हणजे जाळायला तेल आणि वायू शेजारीच. वाफ थंड करून तिचे परत पाणी करण्यासाठी खाडीचे पाणी दारात. ग्राहक, म्हणजे अख्खी मुंबई, डोंगरापलीकडे. नोव्हेंबर १९५४ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला १ कोटी ६२ लाख डॉलरचे कर्ज दिले आणि १९५६ मध्ये ६२.५ मेगावॅटचा पहिला संच फिरू लागला. तसलेच आणखी दोन संच पुढे बसले. १९६५ मध्ये चौथा आला, १५० मेगावॅटचा. खोपोली सुरू झाली तेव्हा ते अख्खे केंद्र मिळून सुमारे ४० मेगावॅटचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे उडी केवढी होती ते कळते.

हे सगळे संच परदेशातून आले. येणारच, कारण देशात ते कोणाला करताच येत नव्हते. इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. टर्बाइन विकत घेणे म्हणजे मोटार विकत घेणे नव्हे. हे यंत्र तीस-चाळीस वर्षे चालते. त्या काळात पाती झिजतात, सील जातात, बेअरिंग बदलावी लागतात. प्रत्येक सुटा भाग मूळ आराखड्याबरहुकूम लागतो आणि आराखडा असतो कारखानदाराच्या कपाटात. ज्याने चाक घडवले त्याच्याशी चाळीस वर्षांची सोयरीक जुळते. ती जुळवताना डॉलर लागतात, आयात परवाना लागतो, आणि त्या देशाचे आपल्या देशाशी बरे असावे लागते.

१९५६ हे वर्ष या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. माहुलला परदेशी टर्बाइन फिरू लागले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भ्याच्याच डोंगरापलीकडे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. आणि त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी नोंदवली गेली. तिचे काम एकच: वीज निर्माण करणारी यंत्रे भारतात घडवायची. कारखाना भोपाळला. गुरू म्हणून निवडले ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजला. तरुण इंजिनीअर मँचेस्टर आणि रग्बीच्या कारखान्यांत शिकायला गेले. १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते भोपाळच्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

एक कारखाना पुरणार नव्हता. म्हणून १९६४ मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली ‘भेल’, स्थापन झाली. तिच्याकडे तीन कारखाने आले: हरिद्वार, हैदराबादजवळचे रामचंद्रपुरम आणि तिरुचिरापल्ली. हरिद्वारला गुरू सोव्हिएत, लेनिनग्राडच्या आराखड्यांचा. हैदराबाद आणि तिरुचिरापल्लीला चेक. भोपाळला आधीच ब्रिटिश. आपल्या गाण्यात जशी घराणी असतात तशी ही टर्बाइनची घराणी झाली. प्रत्येकाचा आराखडा वेगळा, घडण वेगळी, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालत नाही. गाण्यात यामुळे श्रीमंती येते, पण वीजमंडळाच्या भांडारपालाला मात्र नुसता मनस्ताप होतो. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या कारकिर्दीत, १९७४ मध्ये, भोपाळची कंपनी भेलमध्ये विलीन झाली आणि चारही कारखाने एका छपराखाली आले. पुढे मोठ्या संचांसाठी पश्चिम जर्मनीच्या क्राफ्टवेर्क युनियनशी करार झाला. म्हणजे चौथे घराणे. पण या वेळी शिष्य पहिल्यासारखा कोरा नव्हता.

माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची पायरी लोकांना कमी माहीत आहे. नुसता आराखडा मिळून टर्बाइन होत नाही. रोटरसाठी लागणारा पोलादाचा एकसंध, निर्दोष, टनावारी वजनाचा ठोकळा आधी घडवता आला पाहिजे. तो आयात करायचा असेल, तर आपण फक्त कातारी. म्हणून १९७० च्या दशकात हरिद्वारला फ्रेंच सहकार्याने ओतकाम आणि घडाईचा वेगळा कारखाना निघाला. रोटर तयार झाल्यावर तो निर्वात बोगद्यात नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरवून तोलून पाहतात. तोल कुठे चुकला असेल तर तिथेच कळतो.

महाराष्ट्राने या कारखान्यांची फळे चाखली. नाशिक, परळी, भुसावळ, चंद्रपूर इथे बसलेले २१० मेगावॅटचे संच भेलचे. सुरुवातीला त्यांच्याबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या. संच वरचेवर बंद पडत, आणि सत्तरच्या दशकातले भारनियमन ज्यांनी भोगले त्यांना ‘देशी बनावट’ या शब्दांचा राग येणे स्वाभाविक होते. पण हळूहळू ते संच रुळले. चंद्रपूरला १९९०च्या दशकात भेलचेच ५०० मेगावॅटचे संच बसले. डहाणूचे केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले, त्यातही २५० मेगावॅटचे दोन भेलचे संच. मुंबईच्या उपनगरांना ते वीज देत आले आहे.

याच दशकात महाराष्ट्राने उलट बाजूचा धडाही घेतला. दाभोळ. एन्रॉनच्या त्या प्रकल्पात जनरल इलेक्ट्रिक ही अमेरिकी कंपनी टर्बाइन पुरवणारीही होती आणि १० टक्क्यांची भागीदारही. म्हणजे चाक विकणारा आणि चाकाच्या कमाईत वाटा घेणारा एकच. केंद्र १९९९ मध्ये सुरू झाले, दोन वर्षांत, २००१ मध्ये, बंद पडले, आणि पुढे सरकारी कंपन्यांनी ते हाती घेऊन परत चालू केले तेव्हा वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रांतल्या बिघाडांनी त्यांना जेरीला आणले. दाभोळच्या राजकारणावर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले. तिथल्या टर्बाइनवर फारसे कोणी लिहिले नाही.

आता परत माहुलला येऊ. १९८४ मध्ये इथे पाचवा संच सुरू झाला. क्षमता ५०० मेगावॅट. देशातला त्या आकाराचा तो पहिला. एवढा मोठा संच शहराच्या कुशीत बसवणे हे धाडसच होते, आणि फक्त धुराच्या दृष्टीने नव्हे. संच जेवढा मोठा, तेवढा तो अचानक बंद पडल्यावर बसणारा धक्का मोठा. मुंबईची वीजव्यवस्था राज्याच्या जाळ्याला जोडलेली होती ती यासाठी. पण राज्यातच गडबड झाली तर? त्यावर मुंबईच्या अभियंत्यांनी एक युक्ती १९८०च्या दशकात बसवली. बाहेरचे जाळे कोसळू लागले की आपोआप सांधे तोडायचे, आणि माहुलचे संच व घाटाखालची खोपोली, भिवपुरी, भिरा यांच्या बळावर मुंबईचे वेगळे बेट करायचे. मुंबईकराच्या त्या अभिमानामागे हे बेट आहे. पाण्याची टर्बाइन मिनिटांत सुरू होतात, वाफेच्या संचाला तास लागतात. म्हणून शंभर वर्षांची जुनी जलविद्युत केंद्रे या व्यवस्थेत अजूनही म्हाताऱ्या पण तरतरीत आजोबांसारखी उपयोगी पडतात.

१२ ऑक्टोबर २०२० ला मात्र बेट टिकले नाही. कळवा-पडघे भागातल्या उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बाहेर गेल्या, मुंबईची मागणी तेव्हा आत चालू असलेल्या संचांना पेलण्यापलीकडे होती, आणि तेही बंद पडले. बेट करायला आत पुरेशी चाके फिरत असावी लागतात. गेल्या काही वर्षांत बाहेरची वीज स्वस्त पडते म्हणून ती कमी फिरत होती.

माहुलचा सहावा संच १९९० मध्ये आला, तोही ५०० मेगावॅटचा. १९९३-९४ मध्ये वायूवर चालणारा १८० मेगावॅटचा सातवा. त्यात आधी जळणारा वायूच एक टर्बाइन फिरवतो, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवतात. एकाच उसाचा रस दोनदा काढावा तसे. आणि २००९ मध्ये आठवा, २५० मेगावॅटचा. हा भेलने घडवला. १९५६ मध्ये माहुलला परदेशी चाक आले आणि भोपाळची कंपनी कागदावर आली. त्या कंपनीच्या वारसदाराचे हे चाक त्यानंतर ५३ वर्षांनी माहुलच्या यंत्रघरात बसले.

तोवर बाजार बदलला होता. जयगड आणि तिरोडा इथल्या खासगी केंद्रांत चिनी संच आले, स्वस्त आणि लवकर मिळणारे. हजिऱ्याला जपानी सहकार्याने नवा टर्बाइन कारखाना निघाला. महाराष्ट्राच्या वाट्याला असा मोठा कारखाना काही आला नाही. भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ भेलच्या प्रकल्पाची पायाभरणी २०१३ मध्ये झाली, जमिनी घेतल्या गेल्या, आणि मग वर्षानुवर्षे काही हलले नाही. ज्यांनी शेते दिली त्यांना नोकऱ्याही मिळाल्या नाहीत आणि शेतेही राहिली नाहीत. टर्बाइन कुठे घडते हा प्रश्न नुसता तंत्राचा नाही, तो साकोलीच्या शेतकऱ्याला विचारावा.

आणि टर्बाइन कुठे बसते हा प्रश्न माहुलच्या रहिवाशाला. वीजकेंद्राने धुराचा विचार केला नाही असे म्हणता येणार नाही. समुद्राच्या पाण्याने धूर धुऊन त्यातले गंधक काढण्याची देशातली पहिली यंत्रणा १९८८ मध्ये इथेच, पाचव्या संचाला बसली. कोळसाही कमी गंधकाचा, कमी राखेचा, समुद्रमार्गे आणलेला. पण एका पट्ट्यात दोन तेलशुद्धीकरण कारखाने, खतकारखाना, रसायनांच्या टाक्या आणि वीजकेंद्र एकत्र आले, की प्रत्येकाने आपापले नियम पाळले तरी हवेची बेरीज होतच राहते. ती बेरीज श्वासात घेणाऱ्यांत आधी कोळी-आगरी होते. पुढे महापालिकेने तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या हटवल्या आणि २०१७ च्या सुमारास तिथल्या हजारो कुटुंबांना माहुलच्या संक्रमण वसाहतीत आणून ठेवले. एवढ्या मोठ्या शहरात गरिबांसाठी नेमकी हीच जागा सापडावी!

लोक गप्प बसले नाहीत. गावातल्यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये इथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचे मान्य केले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेल कंपन्या व रसायने साठवणाऱ्या दोन कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या निवाड्यात बोट तेलाकडे होते, वीजकेंद्राकडे नव्हते, हे सांगायला हवे. वसाहतीतल्या लोकांनी विद्याविहारला जलवाहिनीकाठी रस्त्यावर मुक्काम ठोकून आंदोलन केले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की कोणालाही माहुलला राहायला भाग पाडता येणार नाही, आणि जे तिथून निघतील त्यांना महिन्याला १५,००० रुपये भाडे द्यावे. मुळशीच्या मावळ्यांना जे मिळाले नाही ते निदान कागदावर यांना मिळाले. शंभर वर्षांत एवढा फरक पडला.

माहुलचे पहिले चार संच केव्हाच निवृत्त झाले, सहावाही गेला. उरले तीन, मिळून ९३० मेगावॅट. कोळशाचे संच बंद करावेत ही मागणी जुनीच आहे, आणि त्यांच्या विजेचा करार मार्च २०२४ मध्ये संपतही होता. पण मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तरी भागेना. करार पाच वर्षांनी वाढवण्यात आला. त्यामुळे १९८४ चा तो पाचशेचा संच चाळिशी उलटून गेल्यावरही मिनिटाला तीन हजार फेरे घेतो आहे, आणि खाडीत कोळशाचे बार्ज लागतच आहेत.